भुरकूचं नवं घर

माघ महिना, मंगळवार. बाहेर दाट धुकं. हुडहुडी भरवणारी थंडी.

तानूमावशीच्या ओसरीवर अंडी उबवायची एक उबदार पेटी. बाजूंना काच, वर झाकण. पेटीत कोंबडीची दोन अंडी.

टक्! टक्! कट्कन!

एक अंडं फुटलं. भुरकू बाहेर आला. ओला ओला, चिंब चिंब. मागे वळून पाहतो तर काय? टरफलाचे दोन तुकडे!

"माझं घर गेलं!"

भुरकू बसला. भुरकू वाळला. झाला मऊ मऊ, कापसाचा गोळा.

मग त्याने काचेतून पाहिलं. पलीकडे एक खोकं. खोक्यात भाताचं तूस. वर पिवळा दिवा. कोपऱ्यात पाण्याची वाटी.

"तेच माझं नवं घर!"

भुरकू निघाला, तुरुतुरु.

"झाकणा झाकणा, उघड ना! माझं घर गेलं."

झाकण म्हणालं, "मला काय हात आहेत? मावशी उचलेल, तर मी उघडेन."

भुरकू काचेपाशी गेला, तुरुतुरु.

"मावशी मावशी, झाकण उचल ना! माझं घर गेलं. झाकण उघडेना."

मावशी म्हणाली, "काय रे लबाडा, एवढी घाई? वाफ हो म्हणेल, तर मी उचलीन."

पेटीत होती ऊन ऊन वाफ. भुरकूने मान वर केली.

"वाफे वाफे, हो म्हण ना! माझं घर गेलं. झाकण उघडेना. मावशी उचलेना."

वाफ म्हणाली, "शूऽऽ! तुझा धाकटा अजून अंड्यात आहे. मी उडून गेले, तर टरफल सुकेल. धाकटा आतच अडकेल. अंडं फुटेल, तर मी हो म्हणेन."

भुरकू अंड्याकडे गेला, तुरुतुरु.

"अंड्या अंड्या, फूट ना! माझं घर गेलं. झाकण उघडेना. मावशी उचलेना. वाफ हो म्हणेना."

आतून बारीक आवाज आला, "दादा, मी दमलो. जोडीला कोणी टकटक करेल, तर मी फोडीन."

कोणी? भुरकूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग छाती फुगवली.

"कोणी म्हणजे मीच की! मी फोडलंय एक अंडं. मी टकटक करतो. फोडायचं तू!"

बाहेरून टक्. आतून टक्. बाहेरून टक्. आतून टक्.

कट्कन!

धाकटा बाहेर आला. ओला ओला, चिंब चिंब.

"आता हो म्हण!" भुरकू म्हणाला.

"ओल्या अंगाने थंडीत नेतोस त्याला?" वाफ म्हणाली.

भुरकू धाकट्याला खेटून बसला. बसला, बसला, बसूनच राहिला. धाकटा वाळला. झाला मऊ मऊ, कापसाचा गोळा.

मग काय!

अंडं फुटलं. धाकटा वाळला. वाफ हो म्हणाली. मावशीने उचललं. झाकण उघडलं. वाफ उडाली, सुईऽऽ!

मावशीने ओंजळ धरली. "या रे माझ्या वाघांनो!"

आधी भुरकूची चोच पाण्यात, डुबुक! मग धाकट्याची चोच पाण्यात, डुबुक!

पेटीत अंडी उरली नाहीत. दिव्याखाली दोन पिल्लं. दोन्ही कोरडी.