ग्रहणातली आमटी

मुलींच्या वसतिगृहात आमटी-भात तयार झाला आणि नेमके त्याच वेळी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब तपासणीला आले. पूर्वेला चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला.

"हे सगळं अन्न ओतून द्या," त्यांनी फर्मावलं. "ग्रहणाची सावली पडलीय."

ऐंशी मुली ताटं घेऊन बसल्या होत्या. अधीक्षकांनी मान डोलावली, कारण त्यांना नोकरी टिकवायची होती. स्वयंपाकीण चांगुणाबाई मात्र पातेल्यासमोरून हलली नाही. विज्ञानाच्या तासाला ती रोज मागे बसून लसूण सोलायची आणि कान उघडे ठेवायची.

"साहेब, ही सावली कुणाची?"

"पृथ्वीची. मी बी.एस्सी. आहे, मला काय विचारतेस?"

"आणि रात्र म्हणजे काय?"

तात्यासाहेबांनी तोंड उघडायच्या आत मुलीच एका सुरात म्हणाल्या, "पृथ्वीचीच सावली."

"म्हणजे आज चंद्रावर पडली ती सावली आपल्यावर रोज रात्री पडते. साहेब, रात्रीचं ताट तुम्ही आजवर किती वेळा ओतलंत?"

मुली खुदकन हसल्या. तात्यासाहेबांनी एकदा चंद्राकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे.

"तिखट फार नाही ना?" असं पुटपुटत ते पंगतीच्या टोकाला बसले.

चांगुणाबाईने त्यांना सगळ्यात शेवटी वाढलं.