वीस हातांची काठी

एक जंगल होतं. जंगलाला एक वाघ होता, वाघाला एक झेंडा होता आणि झेंड्याला वीस हात उंच काठी होती. कोठारही होतं. त्याची राखण रानडुकरं करत, म्हणजे काय ते समजून घ्या.

जंगलाची जुनी रीत होती. उपासमारीने कुणी मेलं की झेंडा अर्ध्यावर उतरवायचा, आणि तो अर्ध्यावर असेपर्यंत कोठार सगळ्यांना उघडं ठेवायचं. रीतीचा रखवालदार म्हणूनच वाघ निवडून आला होता.

त्या साली दुष्काळ पडला. ठिपकी हरिणीचं थोरलं पाडस उपाशी मेलं. ती दरबारात आली.

"महाराज, झेंडा अर्ध्यावर घ्या. निदान धाकटं तरी जगेल माझं."

तरस मंत्र्याने लगेच पोपटांची शब्दसमिती नेमली. पोपटांनी तीन दिवस पेरू खाऊन अहवाल दिला: काठीला यापुढे ध्वजदंड म्हणावं. विटलेल्या झेंड्याला तपस्वी म्हणावं, फाटलेल्याला रणझुंजार. 'उतरवणे' हा शब्द देशद्रोही असल्याने कोशातून काढला आहे.

"शब्द काढलात, पण माझं पाडस गेलंय ना!" ठिपकी ओरडली.

जनता बघत होती. झेंडा अर्ध्यावर घ्यावाच लागला. कोठाराचं कुलूप निघतंय तोवर तरसाने सुतारपक्ष्याला बोलावून वरची रिकामी काठी कापून टाकली.

"बंधूंनो, भगिनींनो, झेंडा कुठे आहे?" तरसाने विचारलं.

"टोकावर! टोकावर!" पोपट ओरडले.

"म्हणजे दुखवटा संपला. लावा कुलूप."

मग ससा मेला, साळिंदर मेलं. वीसची काठी दहाची झाली, दहाची पाचाची. पुढे सलामी द्यायला महाराजांना वाकावं लागू लागलं. पोपट म्हणाले, केवढा हा नम्रपणा! शेवटी झेंडा मातीत लोळू लागला, तेव्हा जंगल मातीशी जोडलं गेल्याचा उत्सव झाला. रानडुकरांनी जेवणावळी घातल्या. लाज कुणालाच वाटली नाही.

त्याच दिवशी ठिपकीचं धाकटंही गेलं. ती पुन्हा आली.

"बाई, झेंडा आता खाली येऊच शकत नाही," तरस समजुतीने म्हणाला. "म्हणजे कुणी मेलेलं नाही. घरी जा, पाडस खेळत असेल."

"एवढा उंच झेंडा मातीत आणला कुणी?" ठिपकीने विचारलं.

कापलेली काठी वाया गेली नव्हती. तिचे तुकडे लांडग्यांना वाटले होते. त्यांनी ठिपकीला झेंड्याचा अपमान केल्याबद्दल झेंड्याच्याच काठीने बडवलं, आणि पोपटांनी उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं.