नऊ गाठींचा राजा

एका राज्यात माणसाचं वय दोऱ्यात मोजत. मूल जन्मलं की आजोळहून रेशमी वर्षदोरा यायचा, तो कमरेला बांधायचा, आणि दर पाडव्याला त्यात एक गाठ मारायची. रीत एवढीच, की पहिली गाठ राजाची. राजाने गाठ मारली की नगारा वाजे, मग प्रजा आपापल्या दोऱ्याला हात घाली. राजाच्या आधी गाठ मारणं म्हणजे यजमानाच्या आधी घास घेणं. तसं कुणी करत नसे.

तिथला राजा तेजबाहू एकेचाळीस गाठींचा. पाडव्याच्या आदल्या सकाळी दाढी करता करता भिवबा न्हावी थबकला.

"काय रे?"

"काही नाही, महाराज. कानात एक उगवलाय."

"काय उगवलाय?"

"केस. पांढरा. ठेवू की उपटू?"

आता तुम्हीच सांगा, कानातला केस ही काय खचण्याजोगी गोष्ट आहे? पण छातीवर भाले झेललेला तो राजा त्या एका केसाने पार हलला. जेवला नाही, बसला नाही, सज्ज्यात येरझाऱ्या घालत राहिला. तेवढ्यात कालकोंड्या नावाचा मांत्रिक दारी आला. वयाने तीनशेचा, पण ओठावर मिसरूडही नाही.

"महाराज, उद्याची गाठ मारू नका. यापुढची तुमची वर्षं माझ्या बरणीत राहतील. मोबदला नको."

बाजारात बसलेला माणूस असता तर मोबदला नको म्हणणाऱ्याची बरणी आधी उलटी करून पाहता. पण राजाला कुणी कधी बाजारात बसवलंय? तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राजाने गाठ मारली नाही. नगारा वाजला नाही. प्रजा दोरा हातात धरून उभी राहिली आणि शेवटी तशीच घरी गेली.

कुणाचंच वय वाढेना, म्हणून पहिले काही महिने सगळे खूश. पण मग बायकांच्या ध्यानात आलं की बरणीतलं लोणचं मुरत नाही. विरजण लावलेलं दूध दूधच राहतं. सूर्य उगवे, पाऊस पडे, पण झाडावरची कैरी पाडाला लागेना. कणग्या भरलेल्याच राहत, कारण संपायलाही काळ लागतो. एका शिंप्याने परकराचं एकच माप नऊ वर्षं कापलं, आणि मग कात्री विहिरीत टाकून तो नुसता बसून राहिला. पोटाला कमी नव्हतं, पण जिवाला चैन नव्हतं. जो तो दाराशी येऊन रस्त्याकडे बघे, जणू कुणी यायचं राहिलंय.

आणि राजाची लेक इंदुलेखा नऊ वर्षं सात वर्षांची होती. डोकं सोळा वर्षांचं, बोटं सातची. वीणेच्या शेवटच्या पडद्यापर्यंत बोट पोचत नव्हतं. पुढचा दुधाचा दात नऊ वर्षं हलत होता, पडत नव्हता.

एक दिवस ती बापासमोर उभी राहिली. "बाबा, तुम्ही म्हातारं व्हायचं नाही म्हणून मी मोठं व्हायचं नाही का?"

राजाच्या येरझाऱ्या थांबल्या.

ते सज्ज्यावर बसलेल्या धनेश पक्ष्याने ऐकलं. धनेशाच्या चोचीवर वर्षाला एक वळी चढते. "नऊ वर्षं माझी चोच आहे तशीच आहे," तो म्हणाला. "माझ्या जातीत मला आता कोण मान देतो? चला महाराज, वाट मी दाखवतो."

सात डोंगर ओलांडून दोघे मांत्रिकाच्या गडाशी आले. कालकोंड्या दारातच होता.

"वर्षं परत हवीत? तीन दारं आहेत. प्रत्येक दाराशी तीन वर्षं अंगावर येतील. सोसलं तर पुढचं दार. मागे फिरलात तर आहे तसेच राहाल."

"उघड," राजा म्हणाला.

पहिल्या दाराशी तीन वर्षं आली ती डोळ्यांत. हुकूम होता, सुई ओवून दाखव. राजाने दोरा थुंकीने ओला केला, सुई जवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे फिरला. दोरा शेजारून जाई. एका डोळ्याने पाहिलं, तरी तेच. दुपार टळली. अखेर हुकूम देण्याचीच सवय असलेला तो माणूस हळूच म्हणाला, "धनेशा, एवढी ओवून देतोस का रे?"

पक्ष्याने चोचीने ओवली. दार उघडलं. मदत मागणं हाच तिथला खरा हुकूम होता.

दुसऱ्या दारामागे एकशे आठ पायऱ्या. तीन वर्षं आली ती गुडघ्यांत. राजा सवयीने दोन दोन पायऱ्या चढला, आणि घाई करणाऱ्याखालून पायरी सरके. तीनदा तो पार खाली आला.

"इंदू लहान असताना जिना कशी चढायची?" धनेशाने विचारलं.

एका पायरीवर दोन्ही पाय, मग दुसरी. राजा तसा चढला, भिंतीला हात लावून, "आई गं" म्हणत. चाळिसाव्या पायरीनंतर त्याने लाज सोडली आणि मोठ्याने म्हणू लागला. मग पायऱ्या जाग्यावर राहिल्या.

तिसरं दार उघडंच. आत बरण्यांच्या रांगा, कधीकाळच्या राजांची ठेवून दिलेली वर्षं. तीन वर्षं आली ती डोक्यात. राजा आत शिरला आणि उभा राहिला. आपण इथे कशाला आलो बरं? पाणी प्यायला? तो बाहेर आला. आठवलं. आत गेला. विसरला. असं तीनदा. चौथ्यांदा तो दाराबाहेर कासावीस होऊन म्हणाला, "धनेशा, मी इंदूला इथेच हरवून बसणार!"

"विसरू नये म्हणून तुमच्याकडची माणसं काय करतात?"

राजाने गाठ मारायला उपरणं चाचपलं, ते डोंगरात फाटून गेलं होतं. अंगावर एकच दोरा उरला होता. त्याने कमरेचा वर्षदोरा ओढला, त्यात बेचाळिसावी गाठ मारली आणि ती मुठीत घट्ट धरून आत पाऊल टाकलं.

मुठीत गाठ टोचली. "इंदूचा दात!" तो ओरडला.

त्याच्या नावाची बरणी आपोआप फुटली. मग एकेक करत सगळ्याच फुटल्या.

कालकोंड्या मटकन खाली बसला. "ठेवून सगळे जातात. न्यायला कुणी आला तरच माझा शाप सुटायचा होता." त्याने ओठावर बोट फिरवलं. तिथे तीनशे वर्षांनी पहिलं मिसरूड फुटत होतं. तो रडू लागला.

राजधानीत राजाने चौकात उभं राहून उरलेल्या आठ गाठी मारल्या. दोऱ्याचं टोक दिसेना तेव्हा भिवबाला धरायला सांगितलं. नगारा वाजला. प्रजेने एक एक गाठ मारली. त्यांची वर्षं गेली नव्हती, थांबली होती, ती चालू लागली. त्या आठवड्यात कैऱ्या पाडाला लागल्या आणि घराघरांतून लोणच्याचा वास सुटला.

तिसऱ्या दिवशी इंदुलेखाचा दात पडला. देवघराच्या कौलांवर तो बापाने फेकायचा, अशी रीत. राजा गुडघ्यावर हात ठेवून उठला, दात तळहातावर लांब धरून पाहिला, आणि सगळा जोर लावून वर भिरकावला.

"गेला का गं वर?"

दात कौलाला आपटून त्याच्याच पायाशी पडला होता. इंदुलेखाने त्यावर हळूच पाऊल ठेवलं.

"गेला, बाबा. अगदी वर गेला."