सोनेरी कार्डाचा आकडा

फार जुनी गोष्ट नाही. फोटोवाल्यांनी रोल सोडून मेमरी कार्ड धरलं, त्यानंतरची. एका लग्नात फोटोग्राफर पेंढारकरांच्या कॅमेऱ्याला दोन कार्डांतून एक निवडायचं होतं.

सोनेरी कार्ड म्हणालं, "दादा, माझ्या अंगावरचा वेगाचा आकडा बघा. आहे कुणाचा एवढा?"

साधं काळं कार्ड म्हणालं, "माझा आकडा लहान आहे, पण तुम्ही फोटो द्याल तसे भराभर लिहून घेईन. एकदा तपासून तर बघा."

"लग्नघाईत तपासायला वेळ कुणाला?" म्हणत कॅमेऱ्याने सोनेरी कार्ड पोटात घेतलं.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. कॅमेऱ्याने धडाधड दहा फोटो काढले, तसं कार्ड म्हणालं, "जरा थांबा, लिहितोय!" त्याचं लिहून होईपर्यंत हार घालून झाले होते आणि वऱ्हाड जेवायला पळालं होतं. पेंढारकरांनी नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला लावले. फोटोत मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या आल्या.

"मग एवढा आकडा कशाला मिरवतोस?" कॅमेरा खेकसला.

"तो काढलेले फोटो वाचून दाखवायचा वेग आहे, दादा," सोनेरी कार्ड अगदी नम्रपणे म्हणालं. "लिहायचा तुम्ही विचारलातच कुठे?"