फोनवर आधी कोण बोललं

“…पण चोराचा आवाज ओळखायचा कसा, तेवढं सांगा, बाबा.”

सुलोचनाबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

चैतूबाबांनी मान वर केली नाही. मांडीवर जाळं पसरून ते त्यातलं फाटलेलं घर विणत होते.

समोर तलाव होता. सकाळचे नऊ वाजून गेले तरी धुकं उठलं नव्हतं, आणि पाणी कुठं संपतं, आभाळ कुठून सुरू होतं, काही कळत नव्हतं. त्या पांढऱ्या पसाऱ्यात कुठूनशी एखादी पाणकोंबडी ओरडायची आणि पुन्हा सगळं निवांत व्हायचं.

बाबा एके काळी याच तलावात मासे धरत. ऐंशी उलटल्यावर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झोपडी बांधून राहिले. लोक येत, त्यांच्याजवळ बसत आणि बहुतेक जण काही न विचारताच परत जात.

सुलोचनाबाई कापगते मात्र विचारायलाच आल्या होत्या. चौतीस वर्षं मुलं शिकवलेली बाई. वर्गात पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी मागं कोण कुजबुजलं ते नावानिशी सांगायच्या.

“फसली काय तू, माय?” बाबांनी विचारलं.

“मी? मला आजवर कुणीही फसवू शकलेलं नाही.”

आणि मग त्या सांगू लागल्या. घरात त्या एकट्या. दिवसातून पाच-सहा फोन यायचे. कधी बक्षीस लागलेलं असायचं, कधी विमानतळावर त्यांच्या नावाचं पार्सल अडकलेलं असायचं, कधी तासाभरात वीज कापली जाणार असायची. एकदा तर खोटा पोलीसच धमकावत होता. बाईंनी त्याला उभ्याउभ्या असा झाडला, की बिचाऱ्यानं घाईघाईनं फोन ठेवला. शेजारच्या बायका तो किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या.

“खरं सांगू, बाबा? एखाद्या दिवशी फोन आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.”

“मंग इथं काहून आली?”

बाईंनी पदर सारखा केला. धुक्याकडं पाहिलं…

“मृणालचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “माझी मुलगी. सहावा महिना चालू आहे तिला.”

त्या दिवशी मृणाल न कळवता एकटीच आईकडं यायला निघाली होती. वाटेत एका लहानशा गावच्या थांब्यावर बस बदलायची होती. तिथल्या गर्दीत तिची पिशवी गेली. पिशवीतच मोबाईल, पैसे, सगळं. एका अनोळखी बाईचा फोन मागून तिनं पाठ असलेला एकच नंबर लावला.

“म्हणाली, ‘आई, मी अडकलेय गं, मला घ्यायला ये.’ घसा बसला होता तिचा. मला वाटलं, हे नवीन सोंग दिसतंय. मुलीचा आवाज काढतात हल्ली…”

“मंग?”

“मी हसले. म्हटलं, दुसरी आई शोध. ती रडायला लागली…”

बाबांचा हात थांबला.

“तर मी म्हणाले, ‘रडणंही छान जमतं गं तुला.’ आणि फोन ठेवून दिला. तिच्या नवऱ्याला विचारावं, घरी चौकशी करावी, एवढंही केलं नाही. शेजारी जाऊन सांगितलं, आज एक रडणारी आली होती म्हणून.”

मृणाल चार तास त्या थांब्यावर बसून होती. शेवटी एका कंडक्टरनं तिला परतीच्या गाडीत बसवलं, आणि ती आपल्या घरी गेली. आईकडं आलीच नाही. हे सगळं बाईंना रात्री जावयानं फोन करून सांगितलं. याला एकोणीस दिवस झाले होते.

“मग मीच फोन केले. चारदा. प्रत्येक वेळी समजावून सांगितलं, की हल्ली काय काय प्रकार चालतात, माणसानं किती सावध राहावं लागतं. ती ‘बरं’ म्हणते आणि ठेवते… म्हणून विचारतेय. आवाज ओळखायला मी कुठं चुकले?”

बाबांनी दोरा दातानं तोडला.

“पयले कोन बोललं?”

“मृणालच. ‘आई’ म्हणाली.”

“त्याच्या पयले.”

बाई आठवू लागल्या. नंबर अनोळखी होता. त्यांनी फोन उचलला होता. कानाला लावता लावताच, रोजच्या सवयीनं, त्या म्हणाल्या होत्या, ‘या चोरमहाराज, आज काय आणलंत?’

त्यानंतर ते ‘आई’ आलं होतं.

“मी,” त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांचा आवाज एकदम चढला. “म्हणजे काय करायचं, बाबा? येईल त्याला लेक समजायचं? मागेल ते सांगून टाकायचं? लुटून नेतील मला.”

बाबांनी बाजूच्या टोपलीतून एक शिंगाडा घेतला. सावकाश सोलला. पांढरा, ओला गर बाईंच्या तळहातावर ठेवला.

“तोंडात ठेव. चावू नको.”

शाळेत भल्याभल्यांना गप्प केलेल्या बाई एखाद्या लहान मुलीसारख्या गाल फुगवून बसल्या.

धुकं पाळीवर चढून आलं. बाबांचे पाय दिसेनासे झाले. किती वेळ गेला कोण जाणे.

पिशवीतला फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईंनी बाबांकडं पाहिलं. त्यांनी ‘उचल’ अशी नुसती मान हलवली.

बाईंनी फोन कानाला लावला. बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

“नमस्कार मॅडम, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज बंद होणार आहे.”

बाई गप्प.

“मॅडम, तुमच्या मोबाईलवर एक नंबर आलाय, तेवढा लगेच सांगा.”

बाई गप्प.

“हॅलो? ऐकताय ना? दहा मिनिटांत खातं बंद होईल. नंतर आमची जबाबदारी नाही.”

बाई ऐकत होत्या. इतके फोन घेतले, पण हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या मुलाच्या मागं आणखी आवाज होते, दहा, वीस, आणि सगळे तेच वाक्य म्हणत होते, जणू कुणी पाढे पाठ करून घेतंय. एक पंखा खडखडत होता.

“मॅडम, पोलिसांत जाईल हे प्रकरण.”

बाई गप्प.

तो दोनदा ‘हॅलो’ म्हणाला. दुसऱ्या वेळी आवाजातला साहेब गळून पडला होता. “बोला की काहीतरी,” तो म्हणाला, आणि त्यानंच फोन कापला.

बाईंनी शिंगाडा चावून गिळला. गोड होता.

“कोन होता?”

“चोर.”

“वळखला मंग.”

“मी काहीच केलं नाही, बाबा. त्याला नुसतं गप्प राहणंसुद्धा सोसलं नाही.”

बाबा पुन्हा जाळ्यात शिरले होते.

धुक्यातून लहानशा होडीसारखा एक डोंगा निघाला, कुणीतरी उभ्यानं तो ढकलत होतं, आणि मग तोही विरघळला. चौतीस वर्षं, आणि त्याही आधीपासून, आपण आधी बोलत आलो… बाईंना वाटलं, आता घरी जाईपर्यंत तरी कशाला थांबायचं?

त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला. मृणालचा नंबर लावला.

पाच वेळा वाजला. सहाव्यांदा उचलला गेला.

पलीकडून काहीच आलं नाही.

बाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. ‘अगं, तुला ठाऊक आहे ना हल्ली…’ ओठ उघडले. त्यांनी ते मिटले.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला. बांगड्या वाजल्या. मग श्वास ऐकू आला, जरा जड, पोटुशी बाई खुर्चीवर टेकताना घेते तसा.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही, आवाजही होऊ दिला नाही. फोन कानाशी धरून घाबऱ्याघुबऱ्या होऊन बाबांकडं पाहिलं आणि हातानंच खूण केली… बोलत नाही ती.

बाबांनी हळूच विचारलं, “कापला काय तिनं?”

बाईंनी मान हलवली. नाही.

बाबांनी जाळ्याचं पुढचं घर बोटांत धरलं.

“मंग आज लागला फोन, माय.”