शेजारचा विस्तव

एका राज्यात एक डोंगर होता आणि त्याच्या पोटात आगीचा झरा. पाण्याचा नव्हे, आगीचा! ज्या मांत्रिकानं तो फोडला, त्यानं दगडी पन्हळ बांधून अर्धी आग शेजारच्या राज्यात सोडली आणि बजावलं, "शेजाऱ्याची चूल विझवाल, तर तुमचीही विझेल."

ऐकेल तर तो राजा उग्रकेतू कसला! शेजारचा राजा सोमधर सीमेवर बुरूज बांधायला लागला, तसं यानं पन्हळीला लोखंडी दार ठोकलं. "बस म्हणावं आता कुडकुडत!"

तिसऱ्या दिवशी झराच विझला. भट्ट्या गार, चुली गार. आणि राजाची एकुलती लेक शलाका पायापासून बर्फ होत चालली. सकाळी घोटे, दुपारी गुडघे.

सज्जावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, जिवंत विस्तव आणून झऱ्यात टाक. बर्फ काळजाला भिडला, की संपलं."

विस्तव होता कुठं? झरा उशाशी, म्हणून या माजलेल्या राज्यात कुणी राखेत निखारा झाकून ठेवत नसे. शेजाऱ्यांनी मात्र पन्हळ बंद झाली त्याच दिवशी घरोघर शेवटचा निखारा राखेत जपला होता.

राजानं सैन्य धाडलं. त्यांनी एक चूल लुटली. सीमा ओलांडताच निखारा विझला. मग राजमांत्रिक घार होऊन गेला आणि चोचीत निखारा चोरून आणला. तोही कोळसा झाला. बर्फ कमरेच्या वर चढला.

"अरे, लुटता काय, चोरता काय!" भारद्वाज खेकसला. "विस्तव मागून आणतात. आईनं शिकवलं नाही?"

उग्रकेतूनं मुकुट काढला, हातात गोवरी घेतली आणि अनवाणी धावत सुटला.

वेशीवर सोमधर तलवार उपसून उभा. "माझ्या राज्यातली लेकरं गारठली, तेव्हा कुठं होतास?"

"दाराला खिळे ठोकत होतो. चुकलो. लेक मरतेय माझी. विस्तव द्या, शेजारी."

सोमधर हलेना. मागून त्याची म्हातारी आई चिमटा आणि राखेचं खापर घेऊन आली.

"सोम्या, सरक बाजूला. भांडण कितीही असो, दारी आलेल्याला विस्तव नाही म्हणू नये." तिनं राखेतला एकुलता निखारा गोवरीवर ठेवला. "फुंकत पळ, बाबा. थांबलास की गेला!"

पळाला! फुंकर मारत, ठेचकाळत, बोटं भाजत पळाला. भारद्वाज पंख पसरून वारा अडवतोय आणि मागून सोमधर ओरडत येतोय, "राख झटक! तिरका धर, येड्या, तिरका!"

निखारा झऱ्यात पडला. काही नाही. नुसता धूर.

"आधी दार!" सोमधर गरजला.

दोन्ही राजांनी खांदे लावले. एक धडक, दुसरी धडक, तिसरीला दार उखडलं. डोंगर गदगदला आणि आगीचा लोंढा दोन्हीकडं एकदम धावला!

महालात बर्फ काळजापासून बोटभर अंतरावर थांबला, वितळला. शलाका उठून म्हणाली, "बाबा, केवढं उकडतंय!"

त्या दाराच्या लोखंडाचे तवे केले. पहिला तवा म्हातारीला दिला. बुरूज अर्धाच राहिला, त्यात भारद्वाज घरटं बांधतो. त्यांच्या चुली पेटल्या, तशा तुमच्याही पेटत्या राहोत. आणि शेजारी गोवरी घेऊन आला, तर मुकाट्यानं विस्तव द्या.