वर चढायचं इंधन

एका नियंत्रण केंद्रात मनोहर ओगले नावाचे एक अभियंते होते. टीव्हीचे कार्यक्रम घरोघरी पोचवणारा आकाशातला एक उपग्रह सांभाळणं हे त्यांचं काम. हा उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याशी जमवून घेत फिरे, त्यामुळे खालून तो एकाच जागी उभा वाटे. गावोगावच्या छपरांवरच्या छत्र्या त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या असत.

पण एका जागी उभं राहणं दिसतं तितकं सोपं नाही. उपग्रह सारखा सरकतो. मग थोडं इंधन जाळून त्याला परत जागेवर आणावं लागतं. म्हणून या कामात एक रीत आहे. शेवटचं थोडं इंधन राखून ठेवायचं. त्यावर म्हाताऱ्या उपग्रहाला आणखी वर चढवायचं आणि तिथे कायमचं बंद करायचं, म्हणजे इतरांची वाट मोकळी राहते.

सतराव्या वर्षी ती वेळ आली. जागा घ्यायला नवा उपग्रहही तयार होता. ओगल्यांना मात्र अठरा वर्षं पुरी करायची होती, कारण त्यांच्या ओळखीत कुणाचाच उपग्रह इतका टिकला नव्हता. टाकीत किती उरलं हे वर जाऊन कुणी बघत नाही, अंदाजच बांधतात. ओगल्यांनी तो अंदाज सोयीने फुगवला.

त्यांची सहकारी नूतन भोईटे म्हणाली, "सर, हे वर चढायचं इंधन आहे. याला हात नको लावूया."

"सतरा वर्षं मी त्याला सांभाळतोय. मला कळतं," ओगले म्हणाले. तिने पुन्हा विषय काढला नाही.

अठरा वर्षं झाली. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, फोटो निघाले. पुढच्याच आठवड्यात उपग्रहाला वर चढायची आज्ञा गेली. इंजिन क्षणभर पेटलं आणि विझलं. इंधनाचा अंदाज चुकला, असं ओगल्यांनी सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून तो निकामी उपग्रह पाळण्यासारखा मागेपुढे जात राहिला, थेट शेजाऱ्यांच्या जागांमधून. तो जवळ आला की शेजारच्या उपग्रहाला स्वतःचं इंधन जाळून बाजूला व्हावं लागे. दर वेळी त्या उपग्रहाच्या केंद्राच्या प्रमुख शमीम काझी यांना आधी फोन करायचं काम ओगल्यांकडेच आलं. बोलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. बाई रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं, पण त्या कधी रागावल्या नाहीत.

काही वर्षांनी काझीबाईंचाच फोन आला.

"ओगलेसाहेब, उद्यापासून फोनची तसदी घेऊ नका. आमचा उपग्रह आम्ही वर नेतोय. अजून सहा महिने चालला असता, पण बाजूला होण्यात तेवढं इंधन गेलं. आता फक्त वर जाण्यापुरतं आहे."

 ओगले म्हणाले, "मॅडम, तो अंदाज चुकला नव्हता. वर चढायचं इंधन जाळतोय हे मला तेव्हाच माहीत होतं."



तात्पर्य: जागा सोडायची ताकद अंगात असतानाच जागा सोडावी. नाहीतर आपल्या मोठेपणाची किंमत शेजारी मोजतो, आणि आपल्याला त्याच्याशी वर मान करून बोलता येत नाही.